डिस्चार्ज बुकात लंका नाही

प्रश्न : माझे वडील १९८० साली पायदळात भरती झाले आणि १९९७ साली नाईक म्हणून पेन्शनवर घरी आले. १९८८-८९ मध्ये ते शांतिसेनेतून श्रीलंकेला होते. गाडी चालवायचे, मध्यंतरी काही महिने दुसऱ्या पलटणीला अटॅच होते. तिथे सुरुंगाच्या स्फोटात डाव्या पायाला लागलं, व्रण अजून आहे. पण डिस्चार्ज बुकात परदेश सेवेच्या जागी नुसती रेघ आहे आणि लंकेचं पदकही त्यांना मिळालेलं नाही. गेल्या १५ ऑगस्टला गावात माजी सैनिकांचा सत्कार झाला. बरोबरीच्या दोघांच्या छातीवर ते पदक होतं, आबा मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेले तर ‘रेकॉर्ड ऑफिसला लिहा’ म्हणाले. लिहून चार महिने झाले, उत्तर नाही. एक एजंट म्हणतो, पंधरा हजार द्या, परदेश सेवा लावून देतो. मग यूएनचं पदक, वाढीव पेन्शन आणि थकबाकी सगळं मिळेल. आबा म्हणतात, जाऊ दे. मी काय करू?
– एक लेक, सातारा जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘मध्यंतरी काही महिने दुसऱ्या पलटणीला अटॅच होते.’ मी सव्वीस वर्षं फौजेत कारकुनी केली, त्यातली बरीचशी रेकॉर्ड ऑफिसच्या टेबलावर. हे वाक्य वाचलं आणि पेन्सिलीने खाली रेघ मारली. आबांची लंका हरवली असेल तर बहुतेक इथेच.

आधी हे सांगतो की फौजेत माणसाच्या कागदावर काहीही आपोआप चढत नाही. जवान सुट्टीवर गेला, दवाखान्यात दाखल झाला, लग्न झालं, पोरगी झाली, जहाजात चढला, जहाजातून उतरला, प्रत्येक गोष्टीची पलटणीचा क्लार्क एक ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतो. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. तिथे तिच्यावरून जवानाच्या शीट रोलमध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या नोकरीच्या नोंदपत्रात, नोंद होते. आणि माणूस घरी निघाला की शीट रोल समोर ठेवून डिस्चार्ज बुक भरतात. तुम्ही शेतकऱ्याची लेक असाल असं धरून सांगतो : पार्ट टू ही विहीर, शीट रोल हा पाट, डिस्चार्ज बुक हा शेवटचा वाफा. तुम्ही कोरडा वाफा बघून आलात. विहिरीत पाणी आहे की नाही, हे अजून कुणी बघितलेलंच नाही.

पुष्कळदा पाणी असतं. निवृत्तीच्या महिन्यात एकेका टेबलावर डझनावारी पुस्तकं भरायची असतात, आणि ज्या रकान्याने पेन्शनचा पैसा हलत नाही त्यात रेघ मारून पुढे जाणारे हात मी जवळून पाहिलेत. (माझाही हात त्यात कधी नव्हता असं शपथेवर सांगणार नाही.) अशा वेळी शीट रोलमध्ये नोंद ठळक असते आणि पुस्तकात रेघ. हे प्रकरण सोपं.

अवघड असतं ते अटॅचमेंटचं. अटॅच झालेला जवान जेवतो एका पलटणीच्या लंगरात आणि हजेरीपटावर असतो दुसऱ्या पलटणीच्या. इकडचा क्लार्क म्हणतो, त्याची पार्ट टू त्याची पलटण काढेल. तिकडच्या क्लार्कला तो गडी कधी जहाजात चढला हे कळलेलंच नसतं. त्यात तो काळ आठवा. भारत-श्रीलंका करार झाला २९ जुलै १९८७ ला, आणि ऑक्टोबरमध्ये जाफन्यात लढाई पेटली. शांतता राखायला गेलेल्या पलटणी अडीच महिन्यांत युद्धात होत्या. कंपन्या इकडून तिकडे, गाड्या आणि ड्रायव्हर ज्याला लागतील त्याला. कागदाच्या पेट्या मागे, माणसं पुढे.

आणखी एक प्रकार सांगतो, कारण तोही तपासून बघावा लागतो. एका कंपनीत एकाच नावाचे दोन शिपाई होते, आडनावासकट. लंकेला गेला एक आणि नोंद चढली दुसऱ्याच्या शीट रोलवर. जो गेला नव्हता त्याला पदकाचं बोलावणं आलं, तेव्हा त्यानेच येऊन सांगितलं की साहेब, मी तर त्या वर्षी डेपोत होतो. त्याचा प्रामाणिकपणा म्हणून, नाहीतर ते कधी उलगडलं नसतं. फौजेत माणूस म्हणजे नंबर. नंबरातला एक आकडा इकडचा तिकडे झाला की सेवा दुसऱ्याच्या घरी जाते.

म्हणून पहिला अर्ज ‘माझ्या वडिलांची परदेश सेवा लावा’ असा करू नका. तुम्ही बहुधा तसाच केला असणार, आणि चार महिने उत्तर न येण्याचं एक कारण तेच असेल. असं पत्र आलं की टेबलावरच्या माणसाला त्याचं काय करायचं हे कळत नाही. ते बाजूला ठेवलं जातं, आणि फौजेत बाजूला ठेवलेला कागद ही स्वतंत्र जात आहे. पहिला अर्ज फक्त नकला मागणारा करा. हिंदीत लिहा, मराठी वाचणारा माणूस त्या टेबलावर असेलच असं नाही. मजकूर एवढाच : मी अमुक नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, माझ्या शीट रोलची प्रमाणित प्रत आणि १ जानेवारी १९८८ ते ३१ डिसेंबर १९८९ या काळात माझ्याबद्दल निघालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या नोंदी द्याव्यात. खाली मोबाईल नंबर, सोबत डिस्चार्ज बुकाची आणि ओळखपत्राची झेरॉक्स. पत्ता ‘ऑफिसर इन-चार्ज, रेकॉर्ड्स’. पोच मिळेल असं स्पीड पोस्ट. मूळ पुस्तक पोस्टात टाकू नका, आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या पुस्तकात उद्या दुरुस्तीचा शिक्का कुठे मारायचा?

सही आबांची हवी, तुमची नको. इथे पुष्कळ लेकी-सुना अडकतात. माहितीच्या अधिकारातही हाच नियम कामाला येतो. रेकॉर्ड ऑफिसने महिना-दीड महिन्यात उत्तर दिलं नाही तर दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून त्याच नकला माहितीच्या अधिकारात मागा, केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरूनही होतं. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर केंद्रीय माहिती आयोग. पण अर्ज तुमच्या नावाने गेला, तर ‘त्रयस्थाची खासगी माहिती’ म्हणून नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. स्वतःच्या शीट रोलची नक्कल मागणाऱ्या माणसाला ते कारण दाखवता येत नाही.

(दुसऱ्या वाचकांसाठी : रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटप्रमाणे असतं, जिल्ह्याप्रमाणे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला. आणि जे पेन्शन न लागता घरी आले, त्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात. उरतो तो ‘लाँग रोल’, म्हणजे नोंदवहीतल्या मोजक्या नोंदी. तुम्ही त्यातले असाल तर ‘शीट रोल नाही’ या उत्तरावर थांबू नका, लाँग रोलचा उतारा मागा.)

आता नकला आल्या असं धरू. शीट रोलमध्ये लंका असेल तर दुसरा अर्ज चार ओळींचा : नोंद अमुक पानावर आहे, डिस्चार्ज बुकात उतरलेली नाही, ती उतरवावी आणि पदकाचा हक्क तपासावा. झालं.

नसेल, तर पुराव्याचं काम सुरू होतं. इथे आबांना ‘जाऊ दे’ म्हणून सुटता येणार नाही, कारण जे लागतं ते त्यांच्या डोक्यात आणि पत्र्याच्या पेटीत आहे. एका संध्याकाळी पेटी उघडून बसा. प्रश्न तारखेचा विचारू नका. ‘कधी गेलात’ म्हटलं की ते ‘आठवत नाही’ म्हणतील. असं विचारा : विमानाने पलालीला उतरलात की जहाजाने? जहाज असेल तर कुठल्या बंदरातून? तिकडे पोचलात तेव्हा पाऊस होता का? पहिल्या सुट्टीवर घरी आलात तेव्हा घरात काय चाललं होतं, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं? अटॅच झालात तेव्हा कंपनी कमांडर कोण, सुभेदार कोण, गाडी कुठली, रस्ता कुठून कुठे, वावुनिया की त्रिंकोमाली की बट्टिकलोआ? ज्या पलटणीला अटॅच होते तिचं नाव आणि महिने कळले की अर्धं काम झालं, कारण मग रेकॉर्ड ऑफिसला नेमकं सांगता येतं की आमच्या पलटणीकडे नव्हे, त्या पलटणीकडे विचारा. पलटणी आपापली ‘डायजेस्ट ऑफ सर्व्हिस’ जपून ठेवतात. पलटण कधी कुठे होती हे त्यातून ठरतं.

पेटीत काय शोधायचं? दवाखान्याची डिस्चार्ज स्लिप मिळाली तर सोनं. सुट्टीचं सर्टिफिकेट, रेल्वे वॉरंटचा तुकडा, ग्रुप फोटो, विशेषतः मागे पाटी असलेला. जुनी पत्रं असतील तर लिफाफे टाकू नका. फौजी पत्रावर गावाचं नाव नसतं, ‘मार्फत ५६ एपीओ’ एवढंच असतं, त्यामुळे पत्त्यावरून लंका सिद्ध होत नाही. पण शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख असते, आणि ते ऑफिस त्या तारखेला कुठे होतं हे फौजेला माहीत असतं. आतला मजकूर मात्र बहुतेक ‘मी खुशाल आहे, म्हैस व्याली का’ असाच निघेल. आम्ही सगळे तेच लिहायचो.

मग साक्षीदार. सत्काराला पदक लावून आलेले ते दोघे आबांच्या बरोबर एका तळावर होते का? असतील तर त्यांची प्रतिज्ञापत्रं घ्या, पण दोन गोष्टी सांभाळून. ‘हे लंकेला होते’ एवढं मोघम वाक्य कुणी धरत नाही. मी अमुक नंबरचा, अमुक पलटणीचा, अमुक महिन्यांत अमुक ठिकाणी होतो, तिथे यांना गाडी चालवताना पाहिलं, असं हवं. सोबत त्याच्या स्वतःच्या डिस्चार्ज बुकातल्या लंकेच्या नोंदीची झेरॉक्स. आणि दोघांचा मजकूर शब्दाला शब्द एकच नको. वकिलाने छापून दिलेली जुळी प्रतिज्ञापत्रं टेबलावर लगेच ओळखू येतात. कंपनीचे सुभेदार किंवा अधिकारी हयात असतील तर त्यांच्या एका पत्राला दहा प्रतिज्ञापत्रांचं वजन आहे. पलटणीचा रेझिंग डे, म्हणजे स्थापना दिवस, कधी असतो ते विचारा. त्या दिवशी जुने लोक एकमेकांना फोन करतात आणि ज्याचा नंबर कुणाकडे नाही त्याचाही त्या दिवशी सापडतो.

एजंटकडे येतो. तुम्ही म्हणताय ते त्याचं वाक्य मी फार ठिकाणी ऐकलंय, आणि त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकीची आहे. श्रीलंकेतली शांतिसेना संयुक्त राष्ट्रांची नव्हती. राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्या करारावर ती गेली, भारताचीच फौज, भारताच्याच झेंड्याखाली, आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली. निळी टोपी नाही, निळं पदक नाही. यूएनचं पदक काँगोला, सोमालियाला गेलेल्यांना. लंकेचं पदक भारत सरकारचं, फितीवर ‘श्रीलंका’ लिहिलेली पट्टी. त्यामुळे अर्जात ‘यूएन मिशन’ हे शब्द कुठेही येऊ देऊ नका. ते आले की फाईल दुसऱ्याच टेबलावर जाते आणि तिथून ‘नोंद आढळत नाही’ असं खरंखुरं उत्तर येतं.

वाढीव पेन्शनचंही तसंच. पेन्शन ठरते हुद्दा, ग्रुप आणि नोकरीची वर्षं यावर. लंकेतले महिने आबांच्या सतरा वर्षांत आधीच मोजलेले आहेत; ते इथे काढले असते तरी तेवढेच मोजले असते. तेव्हा नुसती परदेश सेवा लागली म्हणून एक रुपया वाढणार नाही, थकबाकी तर दूरच. हे आत्ताच सांगतो, म्हणजे वर्षभर खेटे घातल्यावर घरात कुणी ‘मग मिळालं काय’ म्हणणार नाही. मिळणार आहे ती नोंद आणि ते पदक. एवढ्यासाठी करायचं असेल तर करा. मी म्हणेन जरूर करा. पण ठरवायचं आबांनी.

पैशाचा प्रश्न कुठे असलाच तर तो पायाचा आहे, आणि ते प्रकरण वेगळं ठेवा. डिस्चार्ज बुकात मेडिकल कॅटेगरी बघा. त्या काळच्या पुस्तकात ‘ए’ला ‘ए-वाय-ई’ असं लांबलचक लिहिलेलं असेल. तसं असेल तर फौजेच्या लेखी आबा धडधाकट घरी आले, अपंगत्व नोंदलेलंच नाही, आणि आता व्रण दाखवून ते मिळवणं फार अवघड आहे. ‘बी’ किंवा ‘सी’ कॅटेगरी असेल, निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्ड झालं असेल, टक्के लिहिले असतील, तर मात्र गोष्ट बदलते. संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्रात अपंगत्वाचे ए ते ई असे गट आहेत, १ जानेवारी १९९६ नंतर निवृत्त झालेल्यांना लागू. परदेशातल्या शांतिसेना मोहिमेत कारवाईत झालेली इजा त्यात शेवटच्या, म्हणजे युद्धजखमीच्या गटात येते. आबा १९९७ चे. त्यामुळे टक्के असतील आणि इजा ‘अपघात’ म्हणून नोंदली गेली असेल, तर ती लंकेत सुरुंगाने झाली हे सिद्ध होणं लाखमोलाचं आहे. शीट रोलबरोबर इंज्युरी रिपोर्ट आणि मेडिकल बोर्डाची कार्यवाही यांच्या प्रतीही त्याच अर्जात मागून घ्या. पण दावा आत्ता करू नका. आधी लंका कागदावर येऊ दे, मग पाय.

वेळ मात्र काढू नका. पेन्शनसारख्या दरमहा चालू असलेल्या अन्यायात उशीर झाला म्हणून दावा सहसा फेटाळत नाहीत, पण २००८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून थकबाकी साधारण दावा लावण्याआधीच्या तीन वर्षांचीच देतात. घरात बसून गेलेलं प्रत्येक वर्ष तिथून वजा होतं.

रेकॉर्ड ऑफिसने पुरावे बघूनही लेखी नकार दिला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, आपल्याकडच्यांसाठी मुंबईचं खंडपीठ. मुदत अंतिम आदेशापासून सहा महिने. उशिराचं कारण देऊन माफीही मागता येते. म्हणून नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका, जपून ठेवा. तोंडी नकाराला न्यायाधिकरणात काही किंमत नाही. तोपर्यंत वकील लागत नाही, एजंट तर कधीच लागत नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात परत जा. ‘परदेश सेवा लावायची आहे’ म्हणू नका, ‘शीट रोलची प्रत मागायची आहे, अर्ज अग्रेषित करून द्या’ म्हणा. तिथे बसलेलेही आमच्यातलेच. नेमकं काम सांगितलं की करतात.

आणि आबांचं ‘जाऊ दे’. लंकेहून आलेल्यांच्या तोंडी हा शब्द मी फार ऐकला. सुमारे बाराशे जवान तिकडे धारातीर्थी पडले. ८ महारचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, मुंबईत जन्मलेला माणूस, आणि आपल्याकडे किती जणांना ते नाव माहीत आहे? परत आलेल्यांना कुणी विचारलं नाही, मग त्यांनीही सांगायचं सोडून दिलं. त्यामुळे पेटी उघडायची ती सत्काराचा विषय काढून नव्हे. गाडीचा विषय काढा. कुठली गाडी होती, चढाला कशी ओढायची, रस्त्यात सुरुंग असतील म्हणून पुढे कोण चालायचं. ड्रायव्हर माणूस गाडीबद्दल बोलायला नाही म्हणत नाही. वही जवळ ठेवा, आणि जी नावं येतील त्यांच्यापुढे गाव लिहून घ्या.

पदक हातात येईपर्यंत बाजारातून विकत आणून लावू नका, कुणी आणून दिलं तरी. खऱ्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आबांना ती कड बोटाने चाचपता आली पाहिजे.